‘पहिली’ या पदाची परीक्षा

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या प्राकारात एक प्रदीर्घ मराठी शिलालेख आहे. सरफोजी महाराजांच्या कारकिर्दीत, १८०३ साली, तो कोरविण्यात आला. भोसले घराण्याचा इतिहास त्यात सविस्तर सांगितला आहे. दगडावर कोरलेले अक्षर सहसा खोटे मानले जात नाही, आणि मंदिराच्या भिंतीवरील अक्षराला तर पावित्र्याचेही पाठबळ असते. तथापि या लेखाच्या प्रारंभीची वंशावळ पुराणकथांच्या प्रदेशात शिरते आणि पुढील भागही राजाज्ञेने सिद्ध झालेला आहे, हे अभ्यासकाला विसरता येत नाही. लेख अस्सल आहे. म्हणून त्यातील प्रत्येक विधान अस्सल ठरत नाही. साधनाची सत्यता आणि विधानाची सत्यता या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा इतिहासशास्त्राचा पहिला धडा तंजावरच्या भिंतीवर जणू उघडाच ठेवलेला आहे.

याच नगरीने मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांपुढे ‘पहिले’ या विशेषणाचा प्रश्नही उभा केला. मराठी रंगभूमीचा आरंभ ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगली येथे विष्णुदास भावे यांच्या ‘सीतास्वयंवर’ नाटकाच्या प्रयोगाने झाला, असे परंपरेने मानले जाते आणि तो दिवस रंगभूमी दिन म्हणून पाळलाही जातो. परंतु व्यंकोजी राजांचे पुत्र शहाजी (कारकीर्द १६८४ ते १७१२) यांच्या नावावर असलेली ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ यांसारखी मराठी नाटके सरस्वती महाल ग्रंथालयाच्या संग्रहातून प्रकाशात आली, तेव्हा सांगलीचा मान तंजावरकडे जावा काय, असा वाद निर्माण झाला. वादाचा निकाल शेवटी ‘पहिले’ या शब्दाच्या अर्थावर अवलंबून राहिला. पहिली लिखित संहिता म्हणावयाची असेल, तर तंजावरचा दावा दीडशे वर्षांनी जुना आहे. ज्या प्रयोगातून अखंड, व्यावसायिक परंपरा निघाली तो पहिला प्रयोग म्हणावयाचा असेल, तर सांगलीचा मान अबाधित राहतो. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात. मात्र त्यांतील कोणतेही विधान विशेषणाशिवाय, सुटेपणाने केले की ते असत्याकडे झुकते.

स्त्रियांच्या इतिहासात हा प्रश्न अधिक नाजूक बनतो. पुरुषांच्या बाबतीत दफ्तर सहसा अस्तित्वात असते, वाद केवळ त्याच्या वाचनाचा असतो. स्त्रियांच्या बाबतीत पुष्कळदा दफ्तरच निर्माण झालेले नसते, किंवा निर्माण झालेले दफ्तर कोणीतरी कातरून ठेवलेले असते. तंजावरचेच उदाहरण घ्यावे. प्रतापसिंह राजांच्या दरबारातील (१७३९ ते १७६३) गणिका आणि कवयित्री मुद्दुपळणी हिने ‘राधिकासांत्वनमु’ हे तेलुगू काव्य रचले. प्रास्ताविकात तिने आपल्या घराण्यातील स्त्रियांची परंपरा अभिमानाने सांगितली होती. १८८७ साली हे काव्य छापले गेले, तेव्हा ते प्रास्ताविक आणि काही पद्ये गाळण्यात आली. ग्रंथ उरला, परंतु ग्रंथकर्तीचा परिचय नाहीसा झाला. पुढे बंगळूर नागरत्नम्मा यांनी हस्तलिखित मिळवून छापील प्रतीशी ताडून पाहिले, गाळलेले भाग ओळखले आणि १९१० मध्ये संपूर्ण आवृत्ती सिद्ध केली. तिच्यावर सरकारी बंदी आली. ती उठण्यास स्वातंत्र्याची वाट पाहावी लागली. याच नागरत्नम्मांनी तंजावरजवळील तिरुवैयारू येथे त्यागराजांचे समाधिमंदिर उभारले. संगीताच्या इतिहासात त्यांना गायिका म्हणून स्थान आहे. परंतु दोन प्रती समोरासमोर ठेवून एका विस्मृत स्त्रीची ओळख परत मिळवून देणारी संशोधक, हीही त्यांची तितकीच महत्त्वाची ओळख मानावयास हवी.

प्रती ताडून पाहण्याची ही रीत दरबारी काव्यापुरती मर्यादित नाही. विसाव्या शतकातील एका अगदी निराळ्या क्षेत्रात, फुटबॉलच्या मैदानावर, शिट्टी घेऊन उतरलेल्या स्त्रियांच्या बाबतीतही तीच लागू करावी लागते. ‘जगातील पहिली स्त्री फुटबॉल पंच कोण?’ या प्रश्नाला आज वेगवेगळ्या देशांत वेगवेगळी उत्तरे मिळतात. ब्राझीलमध्ये लेआ काम्पोस यांचे नाव घेतले जाते, तुर्कस्तानात द्रहशान अर्दा यांचे, स्वीडनमध्ये इंग्रिड होल्मग्रेन यांचे, आणि त्याहून मागे गेल्यास ऑस्ट्रियाच्या एडिथ क्लिंगर यांचे. प्रत्येक उत्तरामागे राष्ट्राभिमान आहे, आणि प्रत्येक उत्तरामागे काहीतरी कागदही आहे.

यांपैकी लेआ काम्पोस यांची कथा सर्वाधिक सांगितली गेली. म्हणून तिची तपासणी सर्वाधिक बोधप्रद ठरते. १९४५ साली ब्राझीलच्या मिनास जेराइस प्रांतात जन्मलेल्या या मुलीला लहानपणापासून फुटबॉलचे वेड होते. तरुणपणी तिने सौंदर्यस्पर्धा जिंकल्या आणि त्या ओळखीतून क्रुझेरो या बेलो होरिझोंते येथील क्लबच्या जनसंपर्काचे काम तिच्याकडे आले. खेळणे मात्र तिला शक्य नव्हते. गेतुलिओ व्हार्गास यांच्या राजवटीने १९४१ मध्ये काढलेल्या एका हुकूमनाम्याने ‘स्त्रीप्रकृतीशी विसंगत’ असलेल्या खेळांपासून स्त्रियांना दूर ठेवले होते. १९६५ मध्ये राष्ट्रीय क्रीडा मंडळाने त्या खेळांची यादीच प्रसिद्ध केली आणि तीत फुटबॉलचा स्पष्ट उल्लेख केला. काम्पोस यांनी या बंदीत एक फट शोधली. कायदा स्त्रीला खेळू देत नव्हता. पंच होण्याविषयी तो मौन बाळगून होता. १९६७ मध्ये त्यांनी आठ महिन्यांचा पंच-प्रशिक्षणक्रम पूर्ण केला.

प्रशिक्षण पूर्ण झाले, परवाना मात्र मिळाला नाही. ब्राझीलच्या क्रीडा महासंघाचे अध्यक्ष जोआंव आव्हेलांज यांनी नकार दिला. काम्पोस यांनी पुढे मुलाखतींतून सांगितलेल्या आठवणींनुसार, प्रथम स्त्रीच्या शरीररचनेचे कारण पुढे करण्यात आले, नंतर मासिक धर्माचे, आणि अखेरीस, आपण अध्यक्ष असेपर्यंत स्त्री पंच होणार नाही, असे सांगण्यात आले. चार वर्षे हा तिढा सुटला नाही. १९७१ मध्ये मेक्सिको येथे होणाऱ्या स्त्रियांच्या अनधिकृत जागतिक स्पर्धेचे निमंत्रण त्यांना आले, तेव्हा त्यांनी थेट राष्ट्राध्यक्ष एमिलिओ मेदिसी यांची भेट मिळवली. मेदिसी यांनी आव्हेलांज यांच्या नावे पत्र दिले आणि ज्या अध्यक्षांनी दार बंद केले होते त्यांनाच ते उघडावे लागले.

येथे अभ्यासकाने क्षणभर थांबावयास हवे. मेदिसी हे लष्करी हुकूमशहा होते. ब्राझीलच्या लष्करी राजवटीतील सर्वांत कठोर दडपशाहीचा काळ त्यांच्याच नावाशी जोडला जातो. काम्पोस यांना मिळाला तो न्यायालयाचा निवाडा नव्हता आणि कायद्यातील दुरुस्तीही नव्हती. ती एका सत्ताधीशाची मर्जी होती. १९४१ ची बंदी त्या पत्रानंतरही आठ वर्षे, १९७९ पर्यंत, कायम राहिली. म्हणजे ज्या देशात एक स्त्री पुरुषांच्या सामन्यात शिट्टी वाजवत होती, त्याच देशात त्याच वेळी मुलींना चेंडूस पाय लावण्याची कायद्याने मनाई होती. विजयगाथा म्हणून ही कथा सांगताना हा विरोधाभास बहुधा गाळला जातो. वस्तुतः तो गाळला की कथेचे मर्मच हरवते.

या कथेतील विधाने तीन वर्गांत विभागावी लागतात. पहिला वर्ग सरकारी कागदांनी सिद्ध होणाऱ्या गोष्टींचा: १९४१ चा हुकूमनामा, १९६५ ची यादी, १९७९ मधील बंदीची समाप्ती. दुसरा वर्ग अन्य साधनांनी पुष्टी मिळणाऱ्या घटनांचा: मेक्सिकोतील स्पर्धा, तिच्या अंतिम सामन्यात डेन्मार्कने यजमान संघावर मिळवलेला ३-० असा विजय, आझ्तेका मैदानावरील प्रचंड गर्दी. तिसरा वर्ग केवळ काम्पोस यांच्या स्वतःच्या कथनावर आधारलेला: आव्हेलांज यांचे शब्द, पोलिसांनी किमान पंधरा वेळा ताब्यात घेतल्याचा उल्लेख, आणि कारकिर्दीतील अठ्ठ्याण्णव सामन्यांचा आकडा. तिसऱ्या वर्गातील विधाने खोटी आहेत असे नव्हे. बंद दाराआड झालेल्या अपमानाचा साक्षीदार पुष्कळदा अपमानित व्यक्ती हीच असते. तेथे दुसऱ्या साक्षीचा आग्रह धरणे म्हणजे अन्याय करणाऱ्याला मौनाचा लाभ देणे होय. मात्र या विधानांचा उल्लेख ‘त्यांच्या सांगण्यानुसार’ या शब्दांसह व्हावा, एवढी शिस्त इतिहासलेखकाने पाळली पाहिजे. त्या शब्दांनी साक्षीदाराचा मान कमी होत नाही. वाचकाला आपण कोणाच्या विश्वासावर उभे आहोत हे कळते.

आता ‘जगातील पहिली’ या पदाकडे वळता येईल. काम्पोस यांचे प्रशिक्षण १९६७ मधले, मान्यता १९७१ मधली. इंग्रिड होल्मग्रेन यांनी स्वीडनमध्ये पंचपदाची पात्रता मिळवल्याचे वर्ष १९६६ असे दिले जाते. द्रहशान अर्दा यांच्या तुर्कस्तानातील परवान्याचे वर्ष १९६८ सांगितले जाते. म्हणजे प्रशिक्षणाचे वर्ष धरले तर काम्पोस अर्दा यांच्या आधी येतात, परवान्याचे वर्ष धरले तर नंतर. आणि दोन्ही पक्षी होल्मग्रेन यांचे वर्ष आधीचे राहते. एडिथ क्लिंगर यांनी तर ऑस्ट्रियात १९३५ मध्येच पंचपदाची परीक्षा दिल्याची नोंद आहे. तीन वर्षांत, १९३८ मध्ये, ऑस्ट्रिया नाझी जर्मनीत विलीन झाला आणि स्त्रियांच्या संघटित फुटबॉलला तेथे स्थान उरले नाही. तीस वर्षांनंतर जेव्हा इतर देशांतील स्त्रिया हीच परीक्षा देऊ लागल्या, तेव्हा त्यांच्यापुढे क्लिंगर यांचे उदाहरण नव्हते. परंपरा तुटली की प्रत्येक नव्या पिढीला आपणच पहिल्या असे प्रामाणिकपणे वाटू लागते. ‘पहिली’ या पदाचे अनेक दावेदार असणे हे फसवणुकीचे लक्षण नाही. ते विस्मृतीचे लक्षण आहे.

या विस्मृतीचे कारण शोधण्यास दूर जावे लागत नाही. इंग्लंडमध्ये पहिल्या महायुद्धाच्या काळात कारखान्यांतील स्त्रियांचे संघ लोकप्रिय झाले होते. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर डिक, कर लेडीज या संघाच्या सामन्याला सुमारे ५३ हजार प्रेक्षक होते. वर्षभरातच, ५ डिसेंबर १९२१ रोजी, इंग्लिश फुटबॉल संघटनेने आपल्या सदस्य क्लबांची मैदाने स्त्रियांना बंद केली. जर्मन महासंघाने १९५५ मध्ये तशीच बंदी घातली आणि १९७० पर्यंत ती टिकवली. पंच हा महासंघाच्या यादीतून येतो, यादी परवान्यातून तयार होते आणि परवाना महासंघ देतो. जेथे महासंघानेच दार लावून घेतले, तेथे परवाना नाही, यादी नाही, सामन्याचा अधिकृत अहवालही नाही. ज्या संस्थेने नोंद नाकारली तिच्याच नोंदवहीत आज पहिल्या स्त्रीचे नाव शोधावयाचे, असा हा पेच आहे.

मराठी वाचकाला या पेचाचे एक घरगुती उदाहरण ठाऊक आहे. आनंदीबाई जोशी यांचा उल्लेख ‘पहिल्या भारतीय स्त्री डॉक्टर’ असा केला जातो. १८८६ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया येथे त्यांनी वैद्यकीय पदवी मिळवली. त्याच वर्षी कलकत्त्यात कादंबिनी गांगुली यांनी वैद्यकीय शिक्षण पूर्ण केले आणि पुढे दीर्घकाळ व्यवसाय केला. आनंदीबाईंना फेब्रुवारी १८८७ मध्ये मृत्यूने गाठले. व्यवसाय करण्याची संधी त्यांना मिळालीच नाही. रखमाबाई लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेऊन १८९० च्या दशकात सुरतेत रुग्णसेवेस लागल्या. पदवी, देशातील शिक्षण, प्रत्यक्ष व्यवसाय, यांपैकी जी कसोटी निवडावी तिच्याप्रमाणे नाव बदलते. परंतु नाव बदलल्याने या तिघींपैकी कोणीही लहान होत नाही.

लेआ काम्पोस यांच्या बाबतीतही निष्कर्ष असाच काढावा लागतो. ‘जगातील पहिली स्त्री पंच’ हे विधान उपलब्ध नोंदींसमोर टिकत नाही. ‘ब्राझीलमध्ये अधिकृत मान्यता मिळवणारी पहिली स्त्री पंच आणि जगातील अगदी आरंभीच्या मोजक्या स्त्रियांपैकी एक’ हे विधान टिकते. ते पहिल्याइतके आकर्षक नाही, परंतु कोणी हिसकावून घेऊ शकणार नाही असे आहे. १९७४ मध्ये एका बस अपघाताने त्यांची कारकीर्द संपवली. त्याच वर्षी आव्हेलांज फिफाचे अध्यक्ष झाले आणि १९९८ पर्यंत त्या पदावर राहिले. त्यांच्याच कारकिर्दीत, १९९१ मध्ये, चीनमध्ये स्त्रियांची पहिली अधिकृत विश्वचषक स्पर्धा भरली. आणि तेथे तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात मुख्य पंच म्हणून उभी राहिलेली स्त्री, क्लाउदिया वास्कोन्सेलोस, ब्राझीलचीच होती. १९९५ च्या अंतिम सामन्यात स्वीडनच्या इंग्रिड योन्सोन यांनी पंचाचे काम केले. १ डिसेंबर २०२२ रोजी फ्रान्सच्या स्तेफानी फ्रापार यांनी कतार येथे कोस्टारिका विरुद्ध जर्मनी हा पुरुषांच्या विश्वचषकातील सामना चालवला, तेव्हा त्यांच्या साहाय्यक पंचांपैकी नेउझा बाक याही ब्राझीलच्याच होत्या. या मालिकेतील प्रत्येक घटना ‘पहिली’ म्हणून नोंदली गेली. प्रत्येकीमागे एकेक विशेषण आहे, आणि ते विशेषण जपून ठेवणे हेच इतिहासलेखकाचे काम आहे.

भारतातील नोंदींनाही हीच कसोटी लावली पाहिजे. गोव्याच्या मारिया रिबेलो या स्वतः भारतीय संघाकडून खेळलेल्या. आय-लीग या पुरुषांच्या राष्ट्रीय साखळीत मुख्य पंच म्हणून उतरणारी पहिली स्त्री असा त्यांचा उल्लेख होतो. गोव्याच्याच उव्हेना फर्नांडिस यांनी २०१६ मध्ये जॉर्डन येथील सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात साहाय्यक पंचाचे काम केले. तमिळनाडूतून फिफाच्या यादीत पोहोचणारी पहिली स्त्री म्हणून दिंडुक्कलच्या रूपा देवी यांचे नाव घेतले जाते. या तिघींच्या बाबतीत ‘पहिली’ हा शब्द वापरताना साखळीचे नाव, कामाचे स्वरूप आणि प्रांत हे तीन तपशील सोबत दिले नाहीत, तर उद्याचा अभ्यासक त्यांना परस्परांच्या विरुद्ध उभे करील. क्रिकेटमध्ये तर एक विलक्षण प्रसंग घडला. जानेवारी २०२३ मध्ये रणजी करंडकाच्या एकाच फेरीत नवी मुंबईच्या वृंदा राठी, चेन्नईच्या जननी नारायणन आणि दिल्लीच्या गायत्री वेणुगोपालन या तिघी तीन वेगवेगळ्या मैदानांवर पंच म्हणून उभ्या राहिल्या. येथे ‘पहिली’ शोधू जाता ‘पहिल्या’ सापडतात. एकवचनाचा आग्रह तथ्यानेच मोडून काढला.

कोणत्याही मानाच्या पदाला लागलेली अतिशयोक्ती प्रथम उपकारक भासते. तिच्यामुळे विस्मृत नाव लोकांच्या ओठी येते, पाठ्यपुस्तकात जागा मिळते. परंतु अतिशयोक्तीवर उभारलेला मान एका जुन्या कागदाने ढासळतो, आणि ढासळताना त्या व्यक्तीच्या खऱ्या कर्तृत्वालाही धूळ लागते. काम्पोस यांच्या आधी क्लिंगर होत्या, एवढे कळताच काम्पोस यांचा चार वर्षांचा लढा जणू निरर्थक होता, असा समज पसरू शकतो. तो लढा पहिलेपणाच्या किताबासाठी नव्हता. शिकलेले काम करू द्यावे, एवढ्याचसाठी होता. क्रम चुकला तरी त्या मागणीचे मोल उणे होत नाही.

सरस्वती महालातील मोडी कागद आजही वाचकाची वाट पाहत आहेत, आणि त्यांतून मराठी नाट्येतिहासाविषयी आणखी एखादे ‘पहिले’ निघणे अशक्य नाही. तसे झाले तर शहाजी राजांचा किंवा विष्णुदास भावे यांचा अपमान होणार नाही. आपले ज्ञान तेवढे वाढेल. व्हिएन्ना, स्टॉकहोम, इस्तंबूल किंवा बेलो होरिझोंते येथील एखाद्या क्रीडासंघाच्या जुन्या वहीतही असेच एखादे नाव दडलेले असू शकेल. नागरत्नम्मांनी दोन प्रती समोर ठेवून जे केले तेच तेथेही करावे लागेल: काय लिहिले आहे ते वाचावे, काय गाळले आहे ते ओळखावे, आणि मगच विशेषण लावावे.